अभिलेखागारांचं जागतिक वर्ष: कार्यक्रम, अर्ज आणि मुदती हातून निसटू नयेत म्हणून

अभिलेखागारांसाठीच्या, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संस्थांसाठीच्या, एखाद्या परिषदेच्या किंवा अनुदानाच्या पत्रकात मुदत छापलेली असते ३० नोव्हेंबर. ती तारीख खरी, पण आपल्या कामाची नाही. विश्वस्तांची सभा कधी आहे, सीए ताळेबंदावर सही कधी करणार, दप्तराचे, म्हणजे जुन्या कागदांच्या गठ्ठ्याचे, मालक संमतिपत्र कधी देणार, आणि सरकारी नोकरी असेल तर ना हरकत दाखल्याची फाईल वरून खाली कधी येणार, या आपल्या कामाच्या तारखा. माझ्या पाहण्यातले बरेच अर्ज मजकूर कच्चा म्हणून पडलेले नाहीत. मजकूर उत्तम होता, फक्त एक सही चार दिवस उशिरा आली. म्हणून हा लेख मुदतींची नुसती यादी देत नाही. वर्षाचा तक्ता कसा बांधायचा आणि छापील तारखेपासून मागे कसं मोजत यायचं, ते सांगतो. राज्य पुराभिलेखातले कर्मचारी, इतिहास संशोधन मंडळं, विद्यापीठांची ग्रंथालयं आणि घरची मोडी दप्तरं सांभाळणारी माणसं असे सगळेच डोळ्यांसमोर आहेत.

आधी न हलणाऱ्या तारखा लिहून टाका

९ जून १९४८ रोजी युनेस्कोच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषद, म्हणजे आयसीए, स्थापन झाली. २००७ साली क्यूबेकच्या सर्वसाधारण सभेत हा दिवस आंतरराष्ट्रीय अभिलेख दिन म्हणून ठरला आणि २००८ पासून तो पाळला जातो. आता या तारखेभोवतीचा सगळा आठवडाच साजरा होतो. दरवर्षी एक विषय जाहीर होतो आणि संस्थांनी आपापले कार्यक्रम कळवावेत असं आवाहन येतं.

महाराष्ट्रात या तारखेची एक अडचण आहे. मृग लागलेला असतो, हवा दमट झालेली असते, आणि शाळा साधारण १५ जूनच्या सुमारास उघडतात, विदर्भात त्याहूनही उशिरा. शाळकरी मुलांना बोलावून प्रदर्शन भरवायचं ठरवलंत तर मुलं येणार नाहीत, आणि त्या हवेत रुमाल (दप्तर बांधलेलं कापड) सोडून मूळ कागद मांडून ठेवणं हा कागदांवर अन्याय आहे. त्यापेक्षा मे महिन्याच्या कोरड्या हवेत छायाप्रती काढून ठेवा, जूनमध्ये त्याच मांडा आणि मूळ कागद दिवसाला एखाददुसराच दाखवा. शाळांसाठी वेगळा दिवस जुलैत ठेवला तरी चालतं. कार्यक्रम मात्र त्या आठवड्याचा म्हणूनच कळवा.

तक्त्यात २७ ऑक्टोबरही घाला. तो दृक्श्राव्य वारशाचा जागतिक दिवस. चलच्चित्रांच्या जतनाविषयीची शिफारस युनेस्कोने १९८० साली बेलग्रेडच्या अधिवेशनात मंजूर केली, त्याची ही आठवण. नोव्हेंबरचा पहिला गुरुवार हा जागतिक डिजिटल जतन दिवस. हे दोन्ही दिवाळीच्या आगेमागे येतात, त्यामुळे त्या आठवड्यात सभागृहातला कार्यक्रम ठेवला तर रिकाम्या खुर्च्यांची तयारी ठेवा. २८ सप्टेंबर माहितीच्या सार्वत्रिक उपलब्धतेचा, आणि ११ मार्च आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा स्थापना दिन. १८९१ साली कोलकात्यात ‘इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ या नावाने ते सुरू झालं.

मग हलणाऱ्या तारखा

इथे अंदाज बांधू नका. आयसीएची महापरिषद चार वर्षांनी भरते असं सगळे सांगतात. २०१२ ला ब्रिस्बेन, २०१६ ला सोल, इथपर्यंत ते बरोबरही आहे. पण २०२० ची अबुधाबीची महापरिषद कोविडमुळे २०२३ च्या ऑक्टोबरात गेली, आणि बार्सिलोनाची लगेच २०२५ च्या ऑक्टोबरात झाली. चार वर्षांच्या हिशेबावर विसंबून राहिलेल्या माणसाने बार्सिलोनासाठी पासपोर्टचं नूतनीकरणही केलं नसेल. दोन महापरिषदांच्या मधल्या काळात परिषदा, सर्वसाधारण सभा, विभागीय शाखांच्या बैठका चालूच असतात. आपला प्रदेश दक्षिण आणि पश्चिम आशियाच्या शाखेत येतो, तिचं लघुनाव स्वार्बिका. मोठ्या परिषदेला जाणं जमत नसेल, तर आधी या शाखेच्या कामावर लक्ष ठेवा.

चित्रपट आणि ध्वनी यांचा संसार वेगळा आहे. फिल्म अभिलेखागारांच्या फियाफ या जागतिक संघाचं वार्षिक अधिवेशन बहुधा एप्रिल-मेच्या सुमारास असतं. पुण्याचं १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय या संघाशी जुना संबंध राखून आहे. ध्वनी आणि दृक्श्राव्य संग्रहांची इयासा ही संघटना बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात भेटते. अमेरिकन अभिलेखपालांच्या संघटनेची वार्षिक सभा तिकडच्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास. प्रत्येक परिषदेत वाचायच्या निबंधाचा गोषवारा परिषदेच्या कित्येक महिने आधी मागवतात, म्हणून तक्त्यात परिषदेची नोंद तिच्या महिन्यात न करता गोषवाऱ्याच्या महिन्यात करा.

युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ या, जगाच्या दस्तऐवजी वारशाच्या नोंदवहीचं चक्र दोन वर्षांचं असतं. प्रत्येक देशाला एका फेरीत जास्तीत जास्त दोन प्रस्ताव पाठवता येतात आणि ते त्या देशाच्या युनेस्कोविषयक राष्ट्रीय आयोगामार्फतच जातात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची नोंद २००७ साली याच नोंदवहीत झाली. दोनच जागा म्हटल्यावर खरी स्पर्धा पॅरिसला, युनेस्कोच्या मुख्यालयात, नसून दिल्लीत आहे. पॅरिसची मुदत कितीही लांब असो, दिल्लीतली निवड त्याआधी होते, आणि तिची तारीख जाहिरातीसारखी समोर येत नाही, चौकशी करून मिळवावी लागते. आशिया-पॅसिफिकची वेगळी प्रादेशिक नोंदवही आहे. पंचतंत्र, रामचरितमानस आणि सहृदयालोक-लोचन या हस्तलिखितांची नोंद तिथे २०२४ मध्ये झाली. लहान संस्थेला आधी हे दार ठोठावणं जास्त शहाणपणाचं.

पत्रक दोनदा वाचा, दुसऱ्यांदा पेन घेऊन

पहिल्या वाचनात माणूस रक्कम आणि तारीख पाहतो. दुसऱ्या वाचनात चार गोष्टींखाली रेघ ओढा. अर्ज व्यक्तीने करायचा की संस्थेने? संस्थेने सभासद असण्याची अट आहे का, आणि असल्यास सभासदत्व अर्जाच्या दिवशी चालू लागतं की नुसतं पूर्वी असलं तरी चालतं? अर्ज एका टप्प्यात आहे की आधी प्राथमिक आणि मग सविस्तर? आणि शिफारसपत्र देणाऱ्याने ते स्वतः पाठवायचं की आपण जोडायचं?

यातला दुसरा मुद्दा फार जणांना नडतो. आयसीएमध्ये राष्ट्रीय अभिलेखागारं, व्यावसायिक संघटना, इतर संस्था आणि व्यक्ती असे सभासदांचे वेगवेगळे वर्ग आहेत, आणि प्रत्येकाची वर्गणी व हक्क वेगळे. आपली संस्था सभासद आहे म्हणून आपण व्यक्तिशः सवलतीला पात्र आहोत असं गृहीत धरू नका. संस्थेच्या नावावरची वर्गणी लेखा विभागात अडकलेली असते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात नव्या पिढीच्या अभिलेखपालांसाठीच्या प्रवासवृत्तीचे अर्ज सुटतात.

शिफारसपत्राचंही तसंच. आपल्याकडे ज्येष्ठ व्यक्तीकडे जाऊन ‘सर, एवढं पत्र द्या’ म्हणायचं आणि मसुदा आपणच लिहून न्यायचा, ही रीत आहे. काही अर्जांत मात्र संगणकप्रणाली शिफारस करणाऱ्याला थेट ईमेल पाठवते, आणि तो दुवा उघडून त्यानेच पत्र चढवायचं असतं. सत्तरीतल्या सरांच्या ईमेलमध्ये तो संदेश ‘स्पॅम’मध्ये जातो. त्यांच्या घरी जाऊन शेजारी बसून ते काम करून घेण्यासाठी एक दिवस राखून ठेवा.

घड्याळ लावून घ्या

‘३० नोव्हेंबर, २३:५९’ म्हणजे कुठले २३:५९? पॅरिसचे असतील तर आपल्याकडे १ डिसेंबरची पहाट, ४ वाजून २९ मिनिटं. लंडनचे असतील तर ५:२९. न्यूयॉर्कचे असतील तर सकाळचे १०:२९. काही परिषदा ‘पृथ्वीवर कुठेही’ असा शेरा देतात. म्हणजे जगात सगळ्यात उशिरा जिथे तो दिवस संपतो तिथली वेळ, आणि ती आपल्याकडे १ डिसेंबरच्या संध्याकाळी ५:२९ ला येते. याउलट ‘३० नोव्हेंबर, लंडन दुपारी १२’ असं असेल तर आपल्याकडे त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला सगळं संपलं. मध्यरात्र समजून जेवणानंतर बसणाऱ्याची गाडी तोवर सुटलेली असते.

उन्हाळी वेळेचा घोळ वेगळाच. युरोपातली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. पॅरिसमध्ये दुपारी दोनला असलेली ऑनलाइन चर्चा जूनमध्ये आपल्याला संध्याकाळी साडेपाचला लागते, डिसेंबरमध्ये साडेसहाला. न्यूयॉर्कची दुपारी तीनची बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेबाराला, म्हणजे दुसऱ्या तारखेला. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना आधी शहर निवडा आणि मग वेळ टाका, रूपांतर फोन स्वतः करतो. आणि ०५/०६ अशी तारीख दिसली की ती ५ जून आहे की ६ मे, हे आधी ठरवा. अमेरिकेतली पत्रकं महिना आधी लिहितात.

परिषदेसाठी मागे मोजत या

युरोपातली परिषद धरा, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, काही प्रकरणांत ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. परतीनंतर तीन महिने पासपोर्टची मुदत शिल्लक हवी आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. शिवाय व्हिसा केंद्राची भेटीची वेळ मिळणं हाच मुंबईत वेगळा उद्योग. म्हणजे अर्ज सुरक्षितपणे जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत जायला हवा. त्यासाठी आयोजकांचं निमंत्रणपत्र जुलैच्या सुरुवातीला हातात हवं. ते नोंदणी केल्यावर मिळतं, आणि नोंदणीची सवलतीची मुदत त्याच्याही आधी संपते. सवलत धरायची तर संस्थेने पैसे कधी मंजूर करायचे? एप्रिलच्या कार्यकारिणीत. आणि कार्यकारिणीपुढे विषय यायचा तर विषयपत्रिका मार्चमध्ये जाते.

शासकीय कर्मचाऱ्यांना याच रांगेत आणखी दोन कागद लागतात. परदेशगमनाची परवानगी आणि रजा हा पहिला. दुसरा अनेकांना माहीतच नसतो: परदेशी आयोजक प्रवास किंवा राहण्याचा खर्च करणार असतील, तर परदेशी अंशदान नियमन कायदा २०१० च्या कलम ६ प्रमाणे सरकारी नोकरांना ते आतिथ्य स्वीकारण्यापूर्वी केंद्र सरकारची परवानगी लागते. अर्ज ऑनलाइन असतो, एफसी-२ नावाचा. शासनाच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या महामंडळातल्या कर्मचाऱ्यांनाही हे लागू आहे. प्रवासवृत्ती मिळाल्याचं पत्र हातात पडताच, पेढे वाटायच्या आधी हा अर्ज भरायला घ्या.

अनुदानासाठी त्याहूनही लवकर सुरुवात

अभिलेखांसाठी परदेशी अनुदानं थोडी आहेत आणि जी आहेत ती शोधण्यासारखी आहेत. ब्रिटिश लायब्ररीचा ‘एंडेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅम’ २००४ पासून चालतो, अर्केडिया या निधीच्या पैशावर. धोक्यात असलेल्या जुन्या कागदपत्रांचं डिजिटायझेशन हा त्याचा विषय. मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत, उलट स्थानिक ठिकाणीच राहतात आणि प्रती संशोधकांना खुल्या होतात. मालकांशी बोलताना हे पहिल्या वाक्यात सांगा, कारण ‘आमची दप्तरं लंडनला नेणार का?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या सामग्रीसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचा वेगळा कार्यक्रम आहे, त्यालाही पैसा अर्केडियाचाच. पेशवाईतलं बाड असेल तर पहिल्याकडे, गिरणी कामगारांच्या संघटनेची पत्रकं असतील तर दुसऱ्याकडे. चुकीच्या दारात उभं राहिलं तर उत्तम अर्जही वाया जातो.

आता अडथळा. परदेशातून पैसे घेणाऱ्या संस्थेला वर सांगितलेल्या परदेशी अंशदान नियमन कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी लागते. संस्था किमान तीन वर्षं चाललेली हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत तिने उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. तालुक्याच्या एखाद्या वाचनालयाला हा आकडा गाठणं अशक्यप्राय आहे. मग विशिष्ट देणगीपुरती ‘पूर्वपरवानगी’ घेता येते, पण त्यासाठी देणगीदाराचं वचनपत्र आधी लागतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे थेट दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवेत, प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के झाली, आणि एका नोंदणीकृत संस्थेने पैसे घेऊन दुसरीला वाटून द्यायचे हा जुना मार्ग बंद झाला. म्हणून ‘अमुक मोठ्या संस्थेच्या नावावर घेऊ आणि आपण काम करू’ हे गणित आता चालत नाही. विद्यापीठाला किंवा नोंदणी असलेल्या संस्थेला मुख्य अर्जदार करा, काम आणि खर्च तिच्याच हिशेबात राहू द्या, आणि दप्तरं सांभाळणारी लहान संस्था सामग्री व जागा देणारी भागीदार असू द्या. ही बोलणी एका बैठकीत होत नाहीत. अर्ज सुटायच्या सहा महिने आधी सुरुवात करा.

नोंदणी आधीच असेल तर तिची पाच वर्षांची मुदत कधी संपते ते आजच पाहा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत करायचा असतो. वार्षिक विवरण, एफसी-४, ३१ डिसेंबरपर्यंत. सार्वजनिक न्यासाचा लेखापरीक्षण अहवाल सप्टेंबरअखेर तयार व्हायला हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात येणाऱ्या अर्जांना हाच अहवाल जोडावा लागतो, त्यामुळे ज्या संस्थेचा सीए ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतो ती संस्था त्या वर्षी बाद झालीच म्हणून समजा.

एक बारीक पण जीवघेणी गोष्ट: संस्थेच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग. धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणीपत्र मराठीत, पॅनवर ‘मंडळ’ एका पद्धतीने, बँकेत दुसऱ्या, आणि जुन्या लेटरहेडवर तिसऱ्याच. परदेशी दात्याच्या लेखी या तीन वेगळ्या संस्था आहेत. एक स्पेलिंग ठरवा, तसा ठराव करा आणि पॅनपासून दुरुस्ती सुरू करा. याला काही आठवडे सहज जातात.

तक्ता असा ठेवा

महागडी प्रणाली नको, साधी एक्सेल पुरे. पण रकाने नेमके हवेत. कार्यक्रमाचं नाव, छापील मुदत त्यांच्या वेळेप्रमाणे, तीच मुदत आपल्या वेळेप्रमाणे, लागणारे कागद, प्रत्येक कागद कोणाच्या टेबलावर आहे त्या माणसाचं नाव, आणि तो कागद हातात यायची तारीख. ‘कार्यालय’ किंवा ‘विश्वस्त’ असं लिहू नका, माणसाचं नाव लिहा. एका ओळीत एकच कागद. एका अर्जाला नऊ कागद लागत असतील तर नऊ ओळी. हे कंटाळवाणं आहे, पण अडलेला कागद नुसत्या नजरेने सापडतो. तक्ता दर सोमवारी उघडायचा आणि तारीख उलटलेली ओळ लाल करायची, एवढीच शिस्त. तो दोघांकडे असू द्या. एकट्या उत्साही कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवरचा तक्ता त्याची बदली झाली की त्याच्यासोबत जातो.

शेवटचा आठवडा

मजकूर थेट फॉर्ममध्ये टाइप करू नका, आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहा. आपल्या अनेक कार्यालयांत अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट आहेत. त्यातला मराठी मजकूर परदेशी फॉर्ममध्ये चिकटवला की ‘मोडी दप्तर’च्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरं उमटतात. एक ओळ चिकटवून पाहा, मगच पुढे जा. शब्दमर्यादा आहे की अक्षरमर्यादा, हेही तपासा. अक्षरमर्यादेत मोकळ्या जागा मोजल्या जातात, आणि देवनागरीत काना-मात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजला जाऊ शकतो. जोडपत्रांच्या फाईलींना रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता छोटी नावं द्या. मराठी संमतिपत्राला इंग्रजी भाषांतर जोडा आणि दोन्हींवर तारीख एकच असू द्या.

मुदतीच्या तीन दिवस आधी अर्ज पाठवून मोकळे व्हा. पोचपावतीचा ईमेल आला नाही तर त्याच दिवशी विचारा, आणि आल्यावर अर्ज क्रमांकासह त्याची प्रत आवक-जावक रजिस्टरला लावा.

निकाल नकारार्थी आला तर अभिप्राय मिळेल का, हे नम्रपणे विचारा. काही कार्यक्रम तो देतात. आलेला अभिप्राय तक्त्यात त्याच ओळीखाली लिहा आणि पुढच्या फेरीची ओळ तिथेच उघडा, छापील तारखेचा रकाना रिकामा ठेवून. बाकीच्या कागदांच्या ओळी भरता येतातच: नोंदणीपत्र, पॅन, ठराव, सीए, मालकाची संमती. त्यातली संमती सहसा वर्षभरासाठी असते, तेव्हा दसऱ्याच्या आसपास मालकांकडे एक फेरी मारून ती ताजी करून घ्या.